संगणकातील कार्डे : ओळख, जोडणी व बिघाडाचा शोध



विहिरीवरची मोटर चालू केली आणि पाणी आलं नाही, तर आपल्यापैकी कोणी लगेच नवी मोटर आणायला तळेगावला धावत नाही. आधी लाईट आहे का बघतो. तिन्ही फेज आहेत का बघतो. मग फ्यूज, स्टार्टर, फूटव्हॉल्व्ह, पाईपची गळती असं एकेक तपासत जातो. मोटर वर काढायची वेळ सगळ्यात शेवटी येते, कारण ते काम खर्चाचं आणि त्रासाचं आहे हे आपल्याला ठाऊक असतं. हा शहाणपणा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण संगणकापुढे उभे राहिलो की आपण तो खुंटीला टांगून ठेवतो. "कॉम्प्युटर बंद आहे, उद्या या," एवढं ऐकलं की मुकाट्याने घरी परततो.

वास्तविक आज उसाची नोंद, तोडणीचा क्रम, काट्याचे वजन, बिलाचा हिशेब आणि सोसायटीच्या कर्जाचे खाते ही सर्व कामे संगणकावर होतात. गावोगावच्या प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना केंद्र सरकारने २०२२ साली मंजूर केली, तेव्हा तीत सुमारे ६३,००० संस्था आणि २,५१६ कोटी रुपये खर्च धरला होता. म्हणजे संगणक ही आता शहरातल्या साहेबाच्या टेबलावरची वस्तू राहिलेली नाही. तो आपल्या पैशाने आलेला आहे आणि आपल्याच घामाचा हिशेब ठेवतो आहे. तेव्हा त्याचे झाकण उघडून आत काय असते, ते सभासदाला निदान ओळखता तरी यावे, या हेतूने हा पाठ लिहिला आहे. या पाठापुरता आम्ही एकच विषय घेतला आहे, तो म्हणजे संगणकाच्या खाचेत बसवायची कार्डे.

कार्ड म्हणजे काय?

ट्रॅक्टरचे उदाहरण घ्या. ट्रॅक्टर एकच, पण मागे नांगर जोडला की नांगरट होते, रोटाव्हेटर जोडला की ढेकळे फुटतात, ट्रॉली जोडली की ऊस कारखान्यावर जातो. प्रत्येक कामाला वेगळा ट्रॅक्टर घ्यावा लागत नाही. संगणकाचेही तसेच आहे. आत जी मोठी पाटी असते तिला मदरबोर्ड म्हणतात. तो आपला ट्रॅक्टर. त्यावर लांबट खाचा असतात. ज्या कामाचे अवजार पाहिजे त्याचे कार्ड त्या खाचेत उभे बसवायचे. जाळ्याची तार जोडायची असेल तर नेटवर्क कार्ड, बिनतारी जोडणी पाहिजे तर वायफाय कार्ड, पडद्यावर जड चित्रे उमटवायची असतील तर ग्राफिक्स कार्ड, आणि वजनकाट्याची तार जोडायची असेल तर सिरियल पोर्टचे कार्ड.

आजकालच्या मदरबोर्डमध्ये पडदा, आवाज आणि नेटवर्क यांची सोय बहुधा आतच केलेली असते. म्हणून पुष्कळ संगणकांत एकही कार्ड दिसणार नाही. त्यात घाबरण्याचे कारण नाही. आतली सोय पुरत नसेल किंवा ती बिघडली असेल, तेव्हाच कार्डाची गरज पडते.

थोडा इतिहास, आणि त्यात आपलं पुणे

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यात पाच खाचा होत्या. त्या काळी पडद्यासाठी कार्ड, फ्लॉपीसाठी कार्ड, असा सारा कारभार कार्डांवरच चाले. १९८४ सालच्या एटी मॉडेलमध्ये खाच लांब झाली आणि एका वेळी दुप्पट माहिती जाऊ लागली. पुढे ही जुनी पद्धत आयएसए या नावाने ओळखली गेली. १९९२ साली इंटेलने पीसीआय आणली, आणि २००३ पासून पीसीआय एक्सप्रेस आली. ती आजतागायत चालू आहे.

आता मराठी माणसाने ध्यानात ठेवावी अशी गोष्ट. त्या परदेशी संगणकाला देवनागरी येत नव्हती. शेतकऱ्याचे नाव, गावाचे नाव, सगळे इंग्रजी अक्षरांत लिहावे लागे. यावरचा एक उपाय म्हणजे एक कार्डच होते. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले हे काम पुढे पुण्यात आले. सी-डॅक ही संस्था १९८८ साली पुण्यात स्थापन झाली. 'परम' हा महासंगणक तिने १९९१ मध्ये उभा केला म्हणून तिचे नाव सर्वत्र झाले. पण सामान्य कचेरीच्या दृष्टीने तिचे 'जिस्ट' कार्डही तितकेच मोलाचे. हे कार्ड साध्या संगणकाच्या खाचेत बसवले की वर्डस्टार किंवा डीबेससारख्या इंग्रजी कार्यक्रमांतही पडद्यावर मराठी अक्षरे उमटत. कार्यक्रम तोच आणि संगणकही तोच, फक्त खाचेत एक अवजार वाढवले आणि यंत्राला आपली लिपी आली.

त्या कामासोबत भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाची संकेतपद्धती ठरली, आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने तिला मानक म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरीची मांडणी करताना आधार घेतला तो १९८८ च्या इस्कीचा. आज मोबाईलवर मराठी उमटायला कार्ड लागत नाही, कारण ते काम आता सॉफ्टवेअरच करते. कार्ड गेले, पण त्यामागची घडी राहिली.

ऊस उत्पादकाच्या दारी संगणक नेण्याचा मोठा प्रयोगही महाराष्ट्रातच, वारणानगरच्या सहकारी परिसरात झाला. १९९८ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे निघाली. उसाची नोंद आणि वजनाचा आकडा गावातच समजावा हा उद्देश. पुढे २००६-०७ च्या सुमारास त्यांपैकी काही गावांत संगणकाच्या जागी मोबाईलच्या संदेशाने तेच काम करून पाहिले गेले. सभासदाला त्याचा आकडा वेळेवर आणि बिनचूक मिळाला पाहिजे, मग तो कोणत्या यंत्राने मिळतो ते दुय्यम, एवढाच बोध यातून घ्यावा.

खाचा ओळखाव्यात कशा?

जुन्या संगणकात पांढरट रंगाची, साधारण अर्ध्या वितीहून थोडी कमी लांबीची खाच दिसली तर ती बहुधा पीसीआय. पीसीआय एक्सप्रेसच्या खाचा लहान-मोठ्या असतात. त्यांच्या शेजारी एक्स-१, एक्स-४, एक्स-१६ असे लिहिलेले असते. हा आकडा म्हणजे पाटाच्या चाऱ्या समजा. एक्स-१ ला एक चारी, एक्स-१६ ला सोळा चाऱ्या. चाऱ्या जास्त तेवढे पाणी, म्हणजे येथे माहिती, एका वेळी जास्त वाहते. नेटवर्क किंवा सिरियल कार्डाला एक चारी पुरते. ग्राफिक्स कार्डाला सोळा लागतात.

लहान कार्ड मोठ्या खाचेत चालते. एक्स-१ चे कार्ड एक्स-१६ च्या खाचेत बसवले तरी काम करते. मात्र पीसीआयचे कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेत बसत नाही. दोघांची खूण-फट वेगळ्या ठिकाणी असते. कार्ड सहज बसत नसेल तर जोर लावू नये. बैल जुवाखाली येत नसेल तर जू उलटे आहे का ते आधी बघतात, तसे करावे.

कार्ड बसवण्याची रीत

१. संगणक रीतसर बंद करावा. नंतर भिंतीतले बटण बंद करून पिन काढावी. नुसता पडदा बंद करणे म्हणजे संगणक बंद करणे नव्हे. यूपीएसला जोडलेला असेल तर त्यातूनही पिन काढावी.

२. पिन काढल्यावर चालू करण्याचे बटण पाच-सहा सेकंद दाबून धरावे. आत राहिलेला प्रवाह त्याने निघून जातो.

३. संगणकाच्या उघड्या पत्र्याला हात लावावा. थंडीत नायलॉनचा स्वेटर काढताना चटचट आवाज होतो, तीच वीज बोटातून कार्डात गेली तर बारीक भाग जळतो, आणि आपल्याला कळतसुद्धा नाही. पौष-माघातल्या कोरड्या हवेत हे जास्त सांभाळावे.

४. मागच्या पत्र्याचा स्क्रू काढावा. लांब खाचेच्या टोकाला एक खिट्टी असते, ती आधी सोडवावी. ही खिट्टी न सोडता कार्ड ओढल्याने खाच उखडल्याचे आम्ही पाहिले आहे.

५. कार्ड दोन्ही टोकांना धरून सरळ वर घ्यावे. पिवळ्या पट्ट्यांना बोट लावू नये, घामाने त्या खराब होतात.

६. बसवताना सरळ खाली, दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. कार्ड पूर्ण गेले की पिवळ्या पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा होतात.

७. शेवटी स्क्रू. इथे एक गंमत आहे. काही डब्यांचा पत्रा वाकडा असतो. स्क्रू आवळला की कार्डाचे दुसरे टोक खाचेतून वर उचलले जाते. कार्ड नीट बसवलं होतं, स्क्रू आवळला आणि बंद पडलं! म्हणून स्क्रू लावल्यावर पुन्हा एकदा बाजूने डोळा लावून बघावे.

मोठ्या ग्राफिक्स कार्डाला खाचेतून मिळणारी वीज पुरत नाही. एक्स-१६ च्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून भूक मोठी असेल तर कार्डाला वीजपुरवठ्याच्या डब्यातून वेगळी तार जोडावी लागते. ती विसरली तर पडदा काळा. तीन एचपीच्या जोडणीवर साडेसात एचपीची मोटर चालत नाही, त्यातलाच प्रकार.

तीन प्रसंग

गेल्या काही वर्षांत अभ्यासवर्गाच्या निमित्ताने आम्ही जे पाहिले त्यातले तीन प्रसंग सांगतो. गावांची नावे देत नाही, कारण दोष कोणाला द्यायचा नाही, शिकायचे आहे.

पहिला प्रसंग लोणावळ्याच्या अंगाच्या एका गावातला. आषाढ महिना. घाटमाथ्यावरचे लोणावळे सुमारे ६२० मीटर उंचीवर, तिथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तळेगावकडे उतरत यावे तसा तो झपाट्याने कमी होतो. त्या गावात पावसाळ्यात धुके खिडकीतून घरात येऊन बसते. कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. अशा हवेत तिथल्या संस्थेच्या कचेरीतला संगणक तीन आठवडे बंद राहिला होता, कारण काम पाहणारा मुलगा भातलावणीला गेला होता. परत येऊन चालू केला तर पंखा फिरे, पडदा काळा. बोलावलेल्या दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेला, नवा संगणक घ्या, असा निर्णय दिला. मासिक सभेत खर्चाचा विषयही निघाला.

सभेच्या आदल्या दिवशी आम्ही तो उघडला. ग्राफिक्स कार्डाच्या पट्ट्या काळवंडल्या होत्या. शाळेतल्या पोरांचा मऊ पांढरा खोडरबर घेतला, वरून कडेकडे अलगद फिरवला, चुरा ब्रशाने झाडला. मेमरीची पट्टीही तशीच पुसून परत बसवली. बटण दाबलं, आणि पडद्यावर अक्षरं आली. कचेरीतले म्हातारे सभासद म्हणाले, "एवढंच व्हतं व्हय?" एवढंच होतं. खर्च एक खोडरबर.

पण दुसरा प्रसंग ऐका, म्हणजे खोडरबर हा मंत्र नव्हे हे ध्यानात येईल. ऑक्टोबरात परतीच्या पावसाला विजा फार. पवन मावळातल्या एका गावी दुपारी मोठा कडकडाट झाला. दुसऱ्या दिवशी संगणक चालू, पण जाळ्याची जोडणी बंद. आम्ही पट्ट्या पुसल्या, खाच बदलली, तार बदलली. काही उपयोग नाही. शेवटी दुसऱ्या संगणकातले चालू नेटवर्क कार्ड आणून लावले, ते लगेच चालले. म्हणजे जुने कार्ड जळले होते. कचेरीने यूपीएसची पिन काढली होती, पण शेजारच्या गोदामातून आलेली नेटवर्कची तार तशीच ठेवली होती. वीज त्या तांब्याच्या तारेने आत आली. दाराला कडी लावली आणि खिडकी सताड उघडी ठेवली, असे झाले. तरी नशीब चांगले, ते नेटवर्क वेगळ्या कार्डावर होते म्हणून कार्डावरच भागले. मदरबोर्डातले असते तर खर्च वाढला असता.

तिसरा प्रसंग एका वजनकाट्यावरचा. काट्याच्या डिस्प्लेवर आकडा स्वच्छ दिसे, पण संगणकाच्या पडद्यावर येत नसे. बाहेर गाड्यांची रांग. ट्रॅक्टरवाले ओरडताहेत, बैलगाडीवाल्यांचे बैल उन्हात उभे, तोडलेला ऊस वाळतोय. ऊस वाळतो म्हणजे वजन घटतं, आणि ते नुकसान शेतकऱ्याचं. चौकशी केली तेव्हा कळले की आदल्या दिवशी धूळ काढताना सिरियल कार्ड एका खाचेतून काढून शेजारच्या खाचेत बसवले होते. संगणकाने त्या पोर्टला नवा क्रमांक दिला. आधी कॉम-३ होता, तो कॉम-४ झाला. वजनाचा कार्यक्रम मात्र कॉम-३ च्या दाराशीच वाट बघत बसला होता. क्रमांक बदलला, काम सुरू झाले. कार्डही चांगले होते आणि तारही.

काट्याचे कार्ड, आणि सभासदाच्या मनातली शंका

काट्याबद्दल थोडे खुलासेवार लिहिणे भाग आहे, कारण सभासदांची शंका आम्हांला माहीत आहे. "कार्ड बिघडलं तर माझं वजन कमी येईल का?"

वजन कार्ड करत नाही. काट्याच्या फलाटाखाली लोडसेल असतात, त्यांच्यावर भार पडला की विजेचा बारीक संकेत निघतो. इंडिकेटर त्या संकेतावरून आकडा काढतो आणि दाखवतो. तो आकडा आरएस-२३२ नावाच्या जुन्या पद्धतीच्या तारेने एकामागून एक अक्षर असा संगणकाकडे जातो. नव्या संगणकांत त्या तारेचे नऊ टाचण्यांचे तोंड बहुधा नसते, म्हणून सिरियल कार्ड बसवावे लागते. कार्ड हा निरोप्या आहे. निरोप्या आजारी पडला तर निरोप येत नाही, किंवा अर्धवट, अगम्य येतो. इंडिकेटर एका वेगाने बोलतो आणि संगणक दुसऱ्या वेगाने ऐकतो असे झाले, तर पडद्यावर वेडीवाकडी चिन्हे येतात. दोघांचा वेग सारखा करावा लागतो.

पण म्हणून डोळे मिटू नयेत. कार्डानंतर आकडा कार्यक्रमात जातो, मग पावतीवर. मधल्या वाटेवर चूक माणसाची किंवा कार्यक्रमाची होऊ शकते. तेव्हा भरल्या गाडीचे आणि रिकाम्या गाडीचे, अशी दोन्ही वजने डिस्प्लेवर स्वतः बघावीत आणि पावतीवरच्या आकड्याशी ताडून घ्यावीत. काट्याचे सील आणि वैधमापनशास्त्र विभागाच्या पडताळणीचे प्रमाणपत्र बघण्याचा सभासदाला संकोच वाटू नये. आणि संगणक बंद पडला म्हणून वजन थांबवण्याचे कारण नाही. इंडिकेटर चालू असेल तर आकडा वहीत लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात, नोंद मागाहून चढवावी.

बिघाड शोधण्याचा क्रम

आता सगळे एका माळेत ओवतो. हा क्रम कचेरीच्या भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे.

पहिले, बाहेरचे बघा. पिन, तार, बटण. नेटवर्कच्या तोंडाशी बारीक दिवे लुकलुकतात का? दिवा नसेल तर आधी तार बदलून बघा. ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकात पडद्याची तार कार्डालाच जोडली आहे ना? पुष्कळदा ती चुकून मदरबोर्डच्या तोंडाला जोडलेली असते, आणि लोक कार्डाला नावे ठेवतात.

दुसरे, संगणकालाच विचारा. डिव्हाइस मॅनेजर नावाच्या यादीत कार्डाचे नाव आहे, पण पिवळी खूण आहे, तर कार्ड संगणकाला दिसते आहे. मग बहुधा त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला हाकण्याचा कार्यक्रम, नाही किंवा जुना आहे. यादीत नावच नाही, तर कार्ड सैल आहे, खाच खराब आहे, कार्ड मेले आहे किंवा बायोसमध्ये ते बंद ठेवलेले आहे.

तिसरे, काढा, पुसा, परत बसवा. रीत वर दिलीच आहे.

चौथे, खाच बदला. मात्र सिरियल कार्ड असेल तर पोर्टचा क्रमांक पुन्हा बघायला विसरू नका.

पाचवे, अदलाबदल. चालू असल्याची खात्री असलेले दुसरे कार्ड लावून बघा, आणि संशयित कार्ड दुसऱ्या चांगल्या संगणकात. दोन्ही परीक्षांत एकच उत्तर आले तरच निकाल द्या.

सहावे, सगळी जादा कार्डे काढून फक्त आवश्यक तेवढ्यावर चालवा. चालला, तर एकेक कार्ड परत लावत जा. ज्या कार्डाला पुन्हा बंद पडेल तो गुन्हेगार.

सातवे, संगणकाची तारीख दरवेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर-२०३२ बॅटरी बदला. तारीख चुकली की पावतीवरची तारीखही चुकू शकते, आणि मग वाद.

या सगळ्यात नियम एकच आहे : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक चालू झाला, तर कशाने झाला हे कधीच कळत नाही. तीच अडचण पुन्हा आली की पुन्हा पहिल्यापासून.

जुन्या कार्डांची एक अडचण सांगून ठेवतो, कारण एखाद्या काट्यावर अजून जुना संगणक असू शकतो. संगणकाचे लक्ष वेधण्यासाठी प्रत्येक कार्डाला एक पाळी नेमून दिलेली असे. कॉम-१ आणि कॉम-३ यांची पाळी चौथी, कॉम-२ आणि कॉम-४ यांची तिसरी. दोन कार्डांनी एकच पाळी धरली की एकही नीट चालत नसे. एकाच पाटाच्या पाण्यावर दोन भाऊ एकाच रात्री दारे धरायला गेले तर जे होते तेच. तेव्हा ती पाळी कार्डावरचे बारीक टोपण हलवून हाताने बदलावी लागे. नव्या पद्धतीत संगणक पाळ्या आपल्या आपण वाटतो.

मावळच्या हवेत घ्यायची काळजी

पावसाळ्यात संगणक दिवसेंदिवस बंद ठेवू नये. रोज तासभर चालवला की आतल्या उबेने ओल धरत नाही. तो जमिनीवर नको, खिडकीखाली तर नकोच. वापरात नसलेल्या खाचांमागचे पत्रे लावलेले असावेत. त्या फटीतून पाल, झुरळ आणि उंदीर आत जातात, आणि उंदराला तारेचे वेष्टण आवडते.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट दूर असतानाच विजेची पिन आणि नेटवर्कची तार, दोन्ही काढाव्यात. वीज डोक्यावर आल्यावर तारांना हात लावू नये. दोन इमारतींमध्ये नवी तार टाकायची असेल तर तांब्याऐवजी काचतंतूची, आणि धातू नसलेली, टाकावी. तिच्यातून वीज वाहत नाही. अर्थिंग वर्षातून एकदा वायरमनकडून तपासून घ्यावे. तीन पिनांच्या तोंडाला दोन पिनांचा जुगाड करू नये.

पट्ट्या पुसायला पॉलिश पेपर कधीही वापरू नये. त्यांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो, तो गेला की कार्ड कायमचे दुखणेकरी होते. शाई खोडायचा खरखरीत रबरही नको. आणि मऊ रबर असला तरी दर महिन्याला घासत बसू नये. वीजपुरवठ्याचा बंद डबा उघडू नये, पिन काढल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठलेली असते. इंडिकेटरचे सील तोडू नये, तो कायद्याचा विषय आहे. आणि झाकण उघडण्याआधी हिशेबाची प्रत दुसरीकडे काढलेली आहे का, हे विचारावे. कार्ड बाजारात मिळते, आपले गेल्या हंगामाचे आकडे बाजारात मिळत नाहीत.

शेवटी

हा पाठ वाचून प्रत्येकाने पेचकस घेऊन कचेरीत यावे असे आम्हांला म्हणायचे नाही. ज्याचे काम त्याने करावे. परंतु सभेत जेव्हा "मदरबोर्ड गेला, नवा संगणक घ्यावा" असा विषय येईल, तेव्हा मागच्या रांगेतून एखाद्या सभासदाने उठून विचारावे : कार्ड काढून पुसून पाहिले का? खाच बदलली का? दुसऱ्या संगणकात लावून पाहिले का? वहीत नोंद आहे का? या चार प्रश्नांची उत्तरे 'हो' आली, तर खुशाल खर्च मंजूर करावा. काही वेळा यंत्र खरोखरच संपलेले असते, आणि तेव्हा मोडक्यावर पैसा घालणेही शहाणपणाचे नसते.

विहिरीवरच्या मोटरीला आपण घाबरत नाही, कारण तिला आपण प्रश्न विचारायला शिकलो. संगणकालाही तसेच विचारावे. गावातली शिकलेली मुले-मुली या कामी पुढे आली तर आमचा पुढचा पाठ आम्ही त्यांच्याकडूनच लिहून घेऊ. असो. आपल्या कचेरीत असा काही अनुभव आला असेल तर तो जरूर कळवावा.